पट्टी देऊ, पण आधी शाळेचा सातबारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कमी पटाच्या शाळा, लहान शाळा एकत्र करून केलेल्या समूह शाळा आणि गावोगाव शाळेसाठी निघणाऱ्या पट्ट्या, म्हणजे वर्गण्या, यांवर आपल्या दैनिकात गेले काही दिवस पत्रं येतायत. बहुतेक पत्रं शिक्षकांची, नाहीतर निवृत्त साहेबलोकांची. त्यात एक गवंड्याचंही असू दे म्हणून लिहितोय. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात खाडीला लागून आमचं गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही. ज्यांच्याविषयी लिहायचंय ते सगळे रोजच्या वाटेवरचे लोक, आणि त्यातल्या निम्म्यांची घरं माझ्या हातची आहेत. नात दुसरीत आहे. मुलगा बोटीवर असतो, सून काजूच्या कारखान्यात जाते, त्यामुळे पालकसभेला मीच जातो.

1 मेच्या ग्रामसभेत हा विषय आला. 1 मेला चाकरमानी गावात असतात, त्यामुळे एरवी कोरम भरताना नाकी नऊ येतात तिथं त्या दिवशी पडवीपर्यंत माणसं होती. ठराव असा होता: खालच्या वाडीतली शाळा मोडकळीला आलीय, ती सोडून द्यायची आणि वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, डांबरी रस्त्याला लागून नवी इमारत बांधायची. शेजारच्या दोन गावांतली मुलंही तिथंच येतील, पट वाढेल, शिक्षक वाढतील. पैशांसाठी गावातल्या घरामागे 5 हजार पट्टी आणि मुंबईकरांना 10 हजार. कमी पडेल ते आमदार निधीतून किंवा एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून आणायचं.

हात भराभर वर झाले. तेवढ्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या वहिनी उठल्या. त्यांना महिन्याला 2,500 रुपये मानधन मिळतं, तेही वर्षाचे 10 महिने. त्या म्हणाल्या, "माझी ही दोन महिन्यांची चूल झाली. माझं पोर त्याच शाळेत आहे, म्हणून मी नको म्हणणार नाही. पण बंगलेवाल्याचे पाच आणि माझेही पाच, हा कुठला हिशेब?" मुंबईकर गावकऱ्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, देवळाच्या जीर्णोद्धाराला दिलेत ना सगळ्यांनी. वहिनी म्हणाल्या, देवळाला ऐपतीप्रमाणे दिले, 501 दिले, आणि ते कुणी कमी म्हटलं नाही. यावर मागून कुणीतरी बोललं की जो पट्टी देणार नाही त्याच्या घरी शिमग्यात पालखी जाणार नाही. दुसरा म्हणाला, ग्रामपंचायतीतून दाखला मिळणार नाही.

इथं मला थांबून दोन गोष्टी सांगायच्यात, कारण अशी वाक्यं आमच्याच गावात बोलली जातात असं नाही. ग्रामपंचायतीला कोणते कर बसवता येतात ते ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 124 मध्ये दिलेलं आहे. ग्रामसभेत हात वर करून ठरवलेली पट्टी ही वर्गणी, ती खुशीची. तिच्यापायी कुणाचा दाखला अडवता येत नाही. आणि पालखी न नेण्याची, वाळीत टाकण्याची भाषा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने 2016 मध्ये केला तो आपल्याच कोकणातल्या, विशेषतः रायगडमधल्या, वाळीत टाकण्याच्या प्रकरणांमुळे. शाळेच्या नावाने तो मोडायची वेळ आणू नका.

मी स्वतः पट्टीच्या विरोधात नाही. "सरकारची शाळा, सरकारने बांधावी, आम्ही का द्यायचं" म्हणणारे सभेत होते, आणि त्यांचं खोटं नाही. आयकरावर 4 टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर जातो. 2004 मध्ये तो 2 टक्के होता, फक्त प्राथमिक शिक्षणासाठी. पुढे वाढत आणि मिसळत 2018 पासून 4 झाला, आणि उपकर असल्यामुळे त्यातला वाटा राज्यांच्या वाटणीत येत नाही. शहरात घर असेल तर मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कराची वेगळी ओळ असते, ती 1962 च्या कायद्यापासून. माझ्या भाच्याची नालासोपाऱ्यात खोली आहे, त्याच्या बिलात मी स्वतः बघितलीय. म्हणजे ज्या चाकरमान्याकडे आम्ही 10 हजार मागतोय तो तिकडे शिक्षणाचं भरूनच इकडे येतो. आणि ही रड आजची नाही. इंग्रजांच्या काळात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घ्यायचे आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी असायचा. रयतेच्या कष्टाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो आणि रयतेच्या पोराला प्राथमिक शाळाही धड मिळत नाही, हे जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे सांगितलं होतं.

हे सगळं खरं धरलं तरी जूनमध्ये पाणी मुलांच्या वह्यांवर पडतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषाप्रमाणे 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं अनुदान 10 हजार. त्यात खडू, झाडलोट, किरकोळ डागडुजी, लाइटबिल आणि स्वच्छतेचा वाटा. एवढ्यात छप्पर होत नाही, वर्षातून एकदा रंग होतो. म्हणून गावाने पदरचे घालावेत, याला माझी ना नाही. कशात घालायचे, एवढाच माझा वाद आहे.

आता इमारतीचं सांगतो, कारण ते मला कळतं.

शाळेच्या तीन खोल्या. दोन जुन्या, चिऱ्याच्या, जिल्हा परिषद नव्हती तेव्हाच्या, म्हणजे 1962 च्या आधी लोकल बोर्डाच्या काळात गावाने श्रमदानातून उभ्या केलेल्या. तिसरी स्लॅबची, सर्व शिक्षा अभियानातली. पावसाच्या आधी मुख्याध्यापक बाईंना विचारून मी शिडी, ओळंबा आणि छिन्नी घेऊन गेलो. जुन्या खोल्यांच्या भिंतींना चारही कोपऱ्यांवर ओळंबा लावला. दोरी भिंतीला चिकटूनच खाली आली, फक्त पश्चिमेच्या एका कोपऱ्यात बोटभर झोक आहे आणि तोही जुना, वाढलेला नाही. जांभा चिरा असाच असतो, खाणीतून काढला तेव्हा कोयत्याने तासता येतो आणि वारा-ऊन खाईल तसा घट्ट होतो. चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, मोकळ्या झाल्यात, त्या भरून घेता येतील. दुखणं सगळं वर आहे. रिपा वाळवीने खाल्ल्यात, वाशांतले निम्मे किंजळीचे चांगले आहेत, बाकीचे बदलायला हवेत. कौलं माकडं फोडतात. आमच्याकडे माकडांचा कळप छपरावरून गेला की दहा-बारा कौलांचा चुरा ठरलेला, मग बाई प्लास्टिकचा कागद टाकतात, मग तो वाऱ्याने उडतो.

आणि स्लॅबची खोली? वय जुन्या खोल्यांच्या निम्म्याहून कमी, आणि निर्लेखनाचा, म्हणजे पाडून टाकायचा, प्रस्ताव तिचा आहे. आत शिरून वर बघितलं तर सळ्या दिसतात, गंजून फुगलेल्या, खालचं कवच ढलप्यांनी सुटलेलं. मी छिन्नीचं टोक नुसतं टेकवलं तर पाटीभर खडी खाली आली. खाडीवरचा खारा वारा आहे, कवच कमी ठेवलेलं आहे, आणि एप्रिल-मेमध्ये स्लॅब टाकून त्यावर पाणी मारायला माणूस नव्हता. अभियानाचा नियम होता की बांधकाम गावाच्या समितीने करून घ्यायचं, ठेकेदार नको. नियम चांगला होता. आमच्याकडे समिती सह्यांपुरती राहिली आणि काम बाहेरच्या एकाने उरकलं. त्या कामावर मी नव्हतो, हे आधीच सांगतो, कारण गावात गवंडी म्हटलं की सगळ्या गळक्या स्लॅबांचं खापर आमच्याच डोक्यावर फुटतं.

म्हणजे "शाळा मोडकळीला आली" हे वाक्य एका खोलीपुरतं खरं. त्या एका खोलीसाठी तिन्ही खोल्या सोडून सड्यावर जायचं ठरतंय. दोन जुन्या खोल्यांचं आणि पडवीचं छप्पर नवं करायला माझ्या हिशेबाने साडेतीन लाखांच्या आसपास लागतात. लोखंडी पाइपाची कैची, त्यावर पत्रा आणि पत्र्यावर कौल. हल्ली आम्ही घरांना असंच करतो. माकडाने कौल फोडलं तरी पाणी आत येत नाही, आणि नुसत्या पत्र्यासारखा पावसाचा ताशा वाजत नाही. नुसता पत्रा असला तर आषाढात बाईंचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही जाणार नाही. सड्यावरची नवी इमारत दोन खोल्या, पडवी, स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी आणि कुंपण धरून 25 लाखांच्या खाली मी तरी अंगावर घेणार नाही. गावात घरं 160, त्यातली बारमाही उघडी 90. सगळ्यांनी सगळी पट्टी दिली तर साडेअकरा लाख होतात. सगळे देत नाहीत, हे सांगायला नको. मग अर्धी उभी राहिलेली भिंत, वर आलेल्या सळ्या, आणि पुढच्या निवडणुकीची वाट. असे सांगाडे कोकणात किती आहेत ते मुंबई-गोवा रस्त्याने येणाऱ्या कुणालाही दिसतात.

बरं, सड्यावर पाणी कुठाय? चैत्रात तिथं गुरं फिरकत नाहीत. बांधकामाला टँकर, नंतर मुलांना प्यायलाही टँकर. उघडा कातळ, विजा पडतात तिथं, सावलीला एक आंबा नाही. रस्त्यावरून पाटी दिसते एवढाच त्या जागेचा गुण.

खालच्या वाडीतून सड्यावर जायचं म्हणजे पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढून, वाटेत पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडून जायचं. पऱ्यावर साकव आहे, त्याचा एका बाजूचा कठडा गेलाय. सभेत एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "पऱ्याक पाणी इला काय पोरां उडान जातली?" लोक हसले. उत्तर कुणी दिलं नाही. शिक्षणहक्क कायद्याचा मापदंड पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर. शाळा त्यापलीकडे असेल तर समग्र शिक्षेतून वाहतुकीसाठी मुलामागे वर्षाला 6 हजारांपर्यंत मिळू शकतात. आता गंमत बघा, आमच्या वाडीपासून सड्यावरची जागा किलोमीटरच्या आतच भरते. चढ, पऱ्या आणि आषाढ मापात येत नाहीत. म्हणजे शेजारच्या गावांतल्या मुलांना गाडी मिळेल आणि आमच्या वाडीतली चालत जातील, तीही जिथली सगळ्यात जास्त घरं पट्टी भरतील त्या वाडीतली.

आणि शाळेत जाणारी मुलं कुणाची, हे ठराव मांडणाऱ्यांनी एकदा हजेरीपटात बघावं. पट 17. त्यातली 6 मुलं नेपाळी राखणदारांची, ज्यांचे आईबाप आंब्याच्या बागा राखतात नाहीतर बंदरावर खलाशी म्हणून जातात. उरलेली आमच्यासारख्यांची, मजुरांची, एक खिचडीवाल्या वहिनींचं. ज्यांना शक्य होतं त्यांची मुलं सकाळी पिवळ्या बसने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. त्यात मी कुणाला दोष देत नाही, प्रत्येकाला आपलं पोर पुढे जावंसं वाटतं. पण ठरावावर हात वर करणाऱ्यांत ज्यांची मुलं या शाळेत आहेत असे किती होते, ते मी मोजत होतो. चार. नेपाळी आईबापांना तर सभेची दवंडीही पोचली नव्हती. नेपाळी मुलं आहेत म्हणून पट 17 आहे, नाहीतर 11 झाला असता, आणि तरी त्यांना बोलवायचं कुणाला सुचलं नाही.

2023 मध्ये शासनाने आकडा दिला होता की राज्यात 20 किंवा त्याहून कमी पटाच्या 14,783 शाळा आहेत आणि त्यांत 1,85,467 मुलं शिकतात. शाळेमागे साधारण 12-13 पोरं. त्यावरूनच समूह शाळांची कल्पना आली आणि पानशेत आणि तोरणमाळ ही उदाहरणं पुढे ठेवली गेली. तिथं कसं चाललंय ते तिथल्यांनी सांगावं. आमच्या सभेत मात्र हा आकडा असा वाचला गेला की जणू कमी पट हा गुन्हा आहे आणि नवी इमारत ही त्याची शिक्षा. इमारतीने पट वाढतो, हे मी अजून बघितलं नाही. शेजारच्या गावात पट वाढला तो सेमी इंग्रजी सुरू झालं आणि शिक्षक टिकले म्हणून. इमारत तीच, कौलारू.

सभेत सेक्रेटरींनी मुरुडच्या अण्णा कर्व्यांचा दाखला दिला. लोकांकडून पै-पै जमवून त्यांनी शिक्षण उभं केलं, आपणही करू. दाखला चांगला दिला. फक्त पुढचंही सांगायला हवं होतं. 1936 मध्ये, वयाच्या 78व्या वर्षी, अण्णांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं ते ज्या गावांत लोकल बोर्डाची शाळा पोचलीच नव्हती त्या गावांसाठी. असलेली शाळा बंद करून वर दुसरी बांधायला त्यांनी पैसे मागितले नव्हते. कुणीतरी दत्तक शाळा योजनेचंही नाव काढलं. 2023 च्या त्या योजनेत ग्रामीण शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायची तर 50 लाखांचं योगदान लागतं. 17 पोरांच्या शाळेला कुठला दाता 50 लाख घेऊन येतो, ते मला तरी बघायचंय.

आता मूळ दुखण्यावर येतो. गेली कित्येक वर्षं शाळेला नवी खोली का मिळाली नाही? प्रस्ताव गेले होते. प्रत्येक वेळी एकच शेरा घेऊन परत आले, की जागा शाळेच्या नावावर नाही. शाळा ज्या जागेत उभी आहे ती एका घराण्याने तेव्हा तोंडी दिली. शब्द दिला, भिंती उभ्या राहिल्या, विषय संपला. सातबारावर आजही त्याच घराण्यातल्या पणजोबांचं नाव आणि त्याखाली वारसांची रांग, 31 जण. कुणी गिरगावात, कुणी डोंबिवलीत, एक बडोद्याला, एक आत्या कुडाळला दिलेली. इतर अधिकारात शाळेचा साधा उल्लेख नाही. यातल्या ज्या ज्या वारसाला मी गणपतीत, लग्नात, मयताला भेटलो त्या प्रत्येकाने सांगितलं की शाळेची जागा शाळेचीच आहे, आम्हाला एक इंच नको. सही मात्र कुणाची झालेली नाही. मुद्दाम अडवलं असंही नाही. 31 माणसांना एका दिवशी एका कचेरीत आणायचं कुणी, तिथं गाडं अडतं.

सागरी महामार्गाचं काम पुढे सरकतंय म्हटल्यापासून खाडीकाठच्या गुंठ्यांचे भाव कुठल्या कुठे गेलेत. दर रविवारी एक अनोळखी गाडी शाळेच्या मैदानात उभी राहते आणि आतले लोक खाडीकडे बोट दाखवून बोलत असतात. मी कुणावर आरोप करत नाही. पण शाळा वर गेली आणि खालची जागा मोकळी पडली, तर 31 वारसांपैकी 31 जण पुढच्या पिढीतही "एक इंच नको" म्हणतील याची खात्री कोण देणार? आणि सड्यावरची जागा तरी कुणाची? ती एक गावकरी देतो म्हणालेत. तोंडीच. सभेत टाळ्या झाल्या. मी शेजारच्याला म्हटलं, हा आपला दुसरा सातबारा.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. पट्टीचा पहिला रुपया जागेच्या कागदात जाऊ दे. वारस नोंदी करून घेणं, बक्षीसपत्राचा मसुदा, येऊ न शकणाऱ्यांची कुलमुखत्यारपत्रं, नोंदणी, आणि कुणी गरीब वारस असेल तर त्याच्या जाण्यायेण्याचं भाडंसुद्धा. छपराच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. जागा शाळेच्या नावावर आली की पडायला आलेल्या तिसऱ्या खोलीच्या बदली खोली मागायला आपण मोकळे, आणि ती खोली सरकारनेच द्यायची, त्यासाठी गावाने पैसा घालू नये. दुरुस्तीचा काही भाग ग्रामपंचायतीच्या आराखड्यात बसतो. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असला तरी शाळेचं स्वच्छतागृह आणि पाणी त्यातच येतं, आणि उरलेल्या वाट्यात छपराचं काम धरायला सदस्यांनी तोंड उघडायला हवं. आमच्याकडे त्यातून दरवर्षी कुणाच्या तरी घरापर्यंतची पाखाडी होते.

मग जे कमी पडेल त्याची पट्टी. घरामागे सारखी नको. घरपट्टी आधीच घराच्या मापावर बसलेली आहे. कुणाला वर्षाला 300 येते, खाडीवरच्या पुणेकरांच्या बंगल्यांना चार-चार हजार येते. जेवढी घरपट्टी त्याच्या दुप्पट, एकदाच, असं धरलं तर माझ्या अंदाजाने 3 लाखांच्या आसपास जमतात, म्हणजे छप्पर जवळजवळ होतं. वहिनींचे 600 होतील. बंगलेवाल्यांचे 8 हजार होतील, आणि ते देतील असं मला वाटतं. मी त्यांची कामं करतो, माणसं वाईट नाहीत, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. चाकरमान्यांची बंद घरंही याच मापात येतील, दामदुप्पट नको. वर्षातून पंधरा दिवस उघडणाऱ्या घराला गावातल्यापेक्षा जास्त पट्टी का, हे मला कधीच कळलं नाही.

पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जावेत, मंडळाच्या नको आणि कुणा एकाच्या तर नकोच. समितीत पाऊण भाग पालक असतात आणि निम्म्या बायका, हे कायद्याने आहे. शिक्षकमंडळी याला शैक्षणिक उठाव म्हणतात. नाव काहीही द्या, पावती पाहिजे. हिशेबासाठी दुसरीकडे शिकायला जायची गरज नाही. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली की आदल्या वर्षीचा हिशेब मोठ्याने वाचतात. 11 रुपये देणाऱ्याचं नाव येतं, 5,001 देणाऱ्याचंही येतं, नारळाचे किती आणि ढोलवाल्यांचे किती तेही येतं. चुकलं तर लोक तिथल्या तिथं ओरडतात. देवळाचा जीर्णोद्धार दोन वर्षांत झाला तो या ओरडण्यामुळे. त्याच सहाणेवर शाळेचाही हिशेब वाचा, नेपाळी पालकांनाही बोलवा, आणि पत्र्याची बिलं फळ्यावर लावा. छपराच्या कामावर मी असेन. मजुरी घेईन, फुकट करणार नाही, कारण फुकटच्या कामाला कुणी जाब विचारत नाही. दर मात्र आधी सभेत सांगेन.

जाता जाता त्या 31 वारसांना या पत्रातूनच विनंती करतो, कारण आपलं दैनिक मुंबईतही जातं. नावं लिहिलेली नसली तरी ज्याची त्याला कळतील. गणपतीला गावी याल तेव्हा दोन दिवस आधी निघा. चतुर्थीला कचेरी बंद असते. येताना आधारकार्ड, पॅनकार्ड आणि दोन पासपोर्ट फोटो आणा. वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला आणि बहिणींची नावं सोडून न देता बनवलेला वारस तक्ता आणा. ज्यांना जमत नाही त्यांनी कुलमुखत्यारपत्र करून भावाजवळ द्यावं. तालुक्याला न्यायला सकाळी टेम्पो पाठवतो, परतीचा नाश्ताही आमच्याकडे.

आपला,
एक गवंडी आणि दुसरीतल्या मुलीचा आजोबा
जि. रत्नागिरी
(नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे.)